मागचं चाक

६ मार्च १९७७, रविवार

आज यशवंतची फटफटी घरी आली. इतके दिवस कुहीच्या पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. मामाजींनी, यशवंतच्या वडिलांनी, भाताच्या तणसाच्या एका ट्रकवाल्याला सांगून ठेवलं होतं, तो घेऊन आला. मागचं चाक फिरत नाही, म्हणून चौघांनी उचलून उतरवली आणि मागच्या अंगणात पेरूखाली ठेवली. आत्याबाई, माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. मी खिडकीतून पाहिलं.

तेरा फेब्रुवारीला यशवंत आणि मी याच गाडीवरून माझ्या माहेरी, कुहीला निघालो होतो. गाव जवळ आलं होतं. नाल्याच्या पुलाच्या अलीकडे गाडी पडली. तो तिथेच गेला. माझं डावं मनगट मोडलं. माझा पदर मागच्या चाकात गेला, चाक अडकलं आणि गाडी फेकली गेली, असं सगळे सांगतात. मला आठवत नाही. पुलाचे पांढरे दगड आठवतात, त्यानंतर दवाखान्यातला पंखा.

हिरवी साडी होती. तिचा तुकडा अजून चाकात गुंडाळलेला आहे. खिडकीतूनही दिसतो.

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, म्हणून लिहून ठेवते.

८ मार्च, मंगळवार

प्रेमिलाताई बेसाहून आल्या होत्या. यशवंतच्या थोरल्या बहीण. मी आतल्या खोलीत होते आणि त्या स्वयंपाकघरात. दार उघडंच होतं, त्यांनी लावून घेतलं नाही.

"पदर खोसाले काय झालं होतं तिले? लहान आहे का? गाडीवर बसाची अक्कल नाही?"

आत्याबाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

बर्डीचा बळीराम, गाड्यांचा मिस्त्री, त्या दिवशी आमच्या माणसांबरोबर कुहीला गेला होता. त्यानंच पहिल्यांदा पाहून सांगितलं, साडी गुंतली, चाक जाम झालं. तेव्हापासून सगळे तेच सांगतात. मीही सांगते. शेजारच्या शोभाताईंनी फाटकाशी विचारलं, "कसं झालं वं, शामला?" मी म्हटलं, "माझा पदर अडकला." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग फाटक लावून आत गेल्या.

यशवंतच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही असंच झालं होतं. भन्तेजी वंदना म्हणत होते आणि बायका माझ्या प्लास्टरकडे बघत होत्या.

जाताना प्रेमिलाताईंनी सांगितलं की त्यांनी माझ्या बाबांना निरोप धाडला आहे. प्लास्टर निघालं की बाबा मला न्यायला येतील. सत्तावीस तारखेचा रविवार ठरला. मी "बरं" म्हटलं. त्या अजून काहीतरी ऐकायला थांबल्यासारख्या वाटल्या.

१० मार्च, गुरुवार

परवा कुणीतरी गाडीवर पोतं टाकलं होतं, ते मामाजींनी काढलं आहे. सकाळपासून ते तिथेच बसलेले. आधी फडक्यानं सगळा चिखल पुसला, मग पुन्हा पुसला.

मामाजी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. ही जागा त्यांनी नोकरीत असतानाच घेतली, तेव्हा प्रताप नगरात चार घरंसुद्धा नव्हती. यशवंतनं ही गाडी आणली तेव्हा ते आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. जुनी जर्मन गाडी, कामठीच्या एका निवृत्त लष्करी डॉक्टरची. तिला चेन नाही. यशवंत येईल त्याला खाली वाकवून ते दाखवायचा. "पाहा, चेनच नाही! आतून दांडा जाते." वीज मंडळातून सुटी मिळाली की पचमढी, चिखलदरा, कुठे कुठे जाऊन यायचा. लग्नानंतर मीही दोनदा गेले.

दुपारी आत्याबाईंचा आवाज ऐकला. त्या मामाजींशीही फारशा बोलत नाहीत, म्हणून लक्ष गेलं.

"अजी, काय शोधून राहिले तुम्ही त्यात? पोरगं परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग?"

"काय झालं ते पाहून राहिलो."

"काय झालं ते साऱ्या गावाले माहीत आहे."

मामाजींनी फडकं पुन्हा उचललं. त्यांनाही खात्री करून घ्यायची असेल. बरोबर आहे. त्यांचा मुलगा होता.

१३ मार्च, रविवार

मामाजींनी मला हाक मारली. लग्न होऊन दोन वर्षं झाली, त्यांनी मला अशी अंगणातून हाक कधी मारली नव्हती.

"शामला, इकडे ये. पाट घे अन् इथं बस."

मी बसले. त्यांनी माझ्या उजव्या हातात चिमटा दिला. ते दाढीच्या पात्यानं कापड कापत होते आणि मी तुकडे ओढून काढत होते. कापड चाकाच्या मधल्या गोल भागावर आणि आऱ्यांत घट्ट बसलं होतं. तेल आणि माती लागून काळं झालं होतं. फक्त आतली घडी हिरवी होती, नव्यासारखी.

ही मला शिक्षा आहे असं वाटलं. वाईट वाटलं नाही. शिक्षा असायला हवी आणि ही सोपी होती.

मध्येच आत्याबाई मागच्या दारात आल्या. मी तुकडे वर्तमानपत्रावर रांगेत ठेवत होते, ते त्यांनी पाहिलं आणि परत गेल्या.

ऊन पेरूच्या खाली आलं तेव्हा शेवटचा तुकडा निघाला. मामाजींनी गाडी न्यूट्रलमध्ये आहे की नाही ते पुन्हा पाहिलं. मग दोन्ही हातांनी चाक धरून फिरवलं.

फिरलं नाही.

त्यांनी पाय रोवून जोर लावला. सगळी गाडी हलली, चाक नाही.

ते खाली बसले. रस्त्यावरून निवडणुकीची जीप गेली, भोंगा सुरू होता, काही ऐकू येत नव्हतं. तो आवाज लांब गेल्यावर ते म्हणाले, "पाह्यलं का?"

"काय, मामाजी?"

"कापड निघालं. चाक फिरलं नाही."

मी "हो" म्हटलं. त्यांना माझ्याकडून आणखी काहीतरी हवं होतं असं वाटलं. मी हात धुवायला उठले.

१५ मार्च, मंगळवार

चाक काढलं. आजही मला बसवलं. मी टॉर्च धरला. दिवसाउजेडी टॉर्च कशाला, ते कळलं नाही, पण धरला.

मामाजी काम करताना सांगत होते. माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे. चाक अडकायच्या जागा मोजक्या असतात. एक ब्रेक. त्यांनी ब्रेकचे लायनर काढून दाखवले, ते नीट होते, झिजलेलेही नव्हते. दुसरी जागा चाकाचं स्वतःचं बेअरिंग. त्यांनी आस हातात आडवा धरला आणि मला म्हणाले, "फिरव."

मी बोटानं ढकललं. चाक फिरलं. आवाज न करता फिरत राहिलं, फिरत राहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"चाकाले काही झालं नाही," ते म्हणाले. "म्हणजे मागं जे आहे त्याच्यात."

गाडीच्या मागच्या टोकाला एक डबा आहे, लोखंडी, नारळाएवढा. इंजिनातून येणारा दांडा त्याच्यात शिरतो आणि आतले दोन दात्यांचे गिअर ती ताकद चाकाकडे वळवतात. चेनचं काम हा डबा करतो. चाक ज्या दातेरी गोलावर बसतं तो गोल मामाजींनी हातानं फिरवून पाहिला. दगडासारखा होता. मग त्यांनी दांड्याचा जोड सोडला. पुढचा दांडा फिरला. मागचा गोल तसाच.

"आतून धरलं आहे," ते म्हणाले.

मला विचारायचं होतं की कापडाच्या झटक्यानं आतलं तुटू शकतं का. विचारलं नाही. तुटत असेलच. पुलाजवळ बसलेला एवढा मोठा झटका.

रात्री जेवायला आत्याबाईंनी ताट ठेवलं. वांग्याची भाजी होती, माझ्या ताटात जास्त होती. चुकून वाढली असेल.

१७ मार्च, गुरुवार

काही नाही. दिवसभर झोपले. प्लास्टरच्या आत खाज येते.

२० मार्च, रविवार

आज डबा उघडला.

बळीराम मिस्त्री सकाळीच आला. डब्याचं झाकण ओढून काढायचा पुलर मामाजींकडे नव्हता, म्हणून त्यांनीच त्याला बोलावलं होतं. मला पाहून तो जरा घुटमळला. चहा घेतला, पण माझ्या हातून कप घेताना खाली बघत होता.

त्याच्या बोटाला मतदानाची शाई होती. मामाजींच्या, माझ्याही. आम्ही मामाजींबरोबर जाऊन मत देऊन आलो, ते लिहायचं राहिलं. आत्याबाईसुद्धा आल्या होत्या. रांगेत त्या माझ्या पुढे होत्या आणि एकदाही मागे वळल्या नाहीत.

आधी तेल काढलं. डब्याखालचा बोल्ट सोडून खाली थाळी धरली. तेल मधासारखं यायला पाहिजे असं मामाजी म्हणाले. आलं ते राखाडी, दाट, चुलीतली राख कालवल्यासारखं. उन्हात चमकत होतं. मामाजींनी बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं आणि बळीरामपुढे धरलं.

"काय आहे?"

"भुकटी आहे, भैय्याजी. लोखंडाची."

"एका झटक्याची असते का इतकी?"

बळीरामनं पुलर लावला. झाकण निघेना. मग मी आतून उकळतं पाणी आणलं, ते त्यावर ओतलं आणि परत आवळलं. तीनदा पाणी आणावं लागलं. तिसऱ्यांदा आत गेले तर पातेलं आधीच चुलीवर होतं आणि खाली जाळ नीट केलेला होता. आत्याबाई पाठ करून तांदूळ निवडत होत्या.

झाकण निघालं तेव्हा बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज झाला.

आत बेअरिंगची पितळी जाळी होती, तिचे तुकडे झाले होते. जाळीतले पोलादी छर्रे सुटे पडलेले. एक छर्रा फुटून दोन गिअरच्या दातांमध्ये जाऊन बसला होता. दोन दात मुळापासून तुटलेले. मामाजींनी मला टॉर्च जवळ आणायला सांगितलं, मग टॉर्च स्वतः घेतला आणि चिमटा माझ्या हातात दिला.

"काढ."

मी चिमटा लावला. सुटत नव्हता. मामाजींनी मोठा गिअर किंचित मागे रेटला आणि तो तुकडा माझ्या चिमट्यात आला. हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढा.

"आता फिरव."

मी गोल धरून फिरवला. फिरला. खरखरत, अडखळत, पण फिरला.

मग बळीराम म्हणाला, "भैय्याजी, साडीच्या झटक्यानंही तुटू शकते. भुकटी आहे, नाही म्हणत नाही मी. पण तुटू शकते."

मला बरं वाटलं. खरंच. जे माहीत होतं ते तसंच राहिलं, असं वाटलं.

मामाजी आत गेले, जाड भिंगाचा चष्मा घालून आले. त्यांनी बेअरिंगचं बाहेरचं कडं रॉकेलनं धुतलं, पुसलं आणि बळीरामच्या हातात ठेवलं. छर्रे ज्या खाचेतून फिरतात ती खाच आरशासारखी असायला हवी. ती देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखी दिसत होती. खड्डेच खड्डे. काही खड्डे काळे पडले होते, गुळगुळीत झाले होते.

"हे कधीचे?" मामाजींनी विचारलं.

बळीरामनं कडं उन्हात धरलं. नख फिरवून पाहिलं. पुन्हा फिरवलं.

"हे जुने आहेत," तो म्हणाला. "महिन्याचे. दोन महिन्याचे असतील. हे त्या दिवशीचे नाहीत, भैय्याजी." मग कडं उलटं करून पाहत, "बेअरिंग खाऊन राहिलं होतं. कधी ना कधी धरणारच होतं. त्या दिवशी धरलं."

"अन् साडी?"

"चाक धरलं, गाडी घसरली, बाई पडली. पडताना गेली असन. चाक एकदम पुरतं नाही धरत, घसरतानाही झटके देत फेरा-दोन फेरे घेते, तितक्यात गुंडाळते." त्यानं कडं खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी कुहीले वरूनच पाह्यलं होतं, बाई. कापड दिसलं अन् बोलून गेलो."

मी म्हटलं, "चहा घ्याल का अजून?"

माझ्या तोंडून तेच आलं.

२१ मार्च, सोमवार

रेडिओवर निकाल लागत आहेत. गल्लीत फटाके फुटताहेत. मामाजी रेडिओजवळ बसले आहेत, पण ऐकत नाहीत असं वाटतं.

मी दिवसभर स्वतःला सांगून पाहिलं. तू काही केलं नाहीस. पाढा म्हटल्यासारखं म्हटलं. आत काही हललं नाही. ज्यांच्यावरचा आळ जातो त्यांना हलकं वाटत असेल, असं मी समजत होते.

एक गोष्ट आठवली. आठवली की आठवावीशी वाटली, ते सांगता येत नाही. त्या दिवशी शहर सोडल्यावर यशवंतनं दोनदा गाडी हळू केली होती. मान वाकवून खाली ऐकत होता. मला विचारलं, "आवाज येऊन राहिला का वं मागून?" मी म्हटलं, "कसला?" तो म्हणाला, "कट कट." मी म्हटलं, "मला तर वारंच ऐकू येतं." तो हसला. "कुहीवरून आल्यावर उघडतो तिले," म्हणाला आणि पुन्हा जोरात नेली.

मग पुलाच्या अलीकडे खालून काहीतरी तुटल्यासारखा आवाज. पदर ओढला गेल्याचं आठवतच नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं.

हे वाक्य लिहिल्यावर पेन ठेवून मी पाणी प्यायले. त्याला माहीत होतं आणि तरी त्यानं मला मागे बसवलं. स्वतःही बसला. मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. आणि हे कुणाला सांगता येत नाही.

२३ मार्च, बुधवार

प्रेमिलाताई आल्या. माझं सामान आवरलं का ते पाहायला आल्या असतील. मामाजींनी त्यांना आणि आत्याबाईंना मागच्या अंगणात बोलावलं. पाटावर वर्तमानपत्र, त्यावर फुटलेली जाळी, छर्रे, दोन तुटके दात, ते कडं. कापडाचे तुकडे दुसऱ्या कागदावर.

मामाजींनी मला बोलावलं नव्हतं. मी दारात उभी होते.

त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. बळीराम काय म्हणाला तेही सांगितलं. कडं प्रेमिलाताईंच्या तळहातावर ठेवलं. "नख फिरवून पाह्य."

प्रेमिलाताईंनी नख फिरवलं. "मले काय समजते यातलं, बाबा?"

"खड्डे समजतात ना?"

"हाव."

"जुने आहेत. पोराची गाडी आतून सडली होती. शामलाचं काही नाही यात."

प्रेमिलाताई कडं धरून तशाच उभ्या राहिल्या. मग ते खाली ठेवलं, हात साडीला पुसला आणि आत येऊन चुलीवर चहा ठेवला. माझ्याजवळून गेल्या. माझ्या खांद्याला त्यांचा हात लागला. लावला की लागला, माहीत नाही.

आत्याबाई पाटासमोर बसल्या होत्या. कशालाही हात लावला नाही.

"त्याले समजलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं. "गाडी बिघडल्याचं?"

मामाजींना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी दाराची चौकट धरली. आत्याबाईंनी वर पाहिलं आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या, मामाजींकडे नाही. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे असं सरळ पाहिलं.

"नाही, आत्याबाई," मी म्हटलं. "त्यांना काही माहीत नव्हतं. काही आवाज नव्हता."

आत्याबाई तशाच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आता कोणाले बोलू मी?"

त्या मामाजींकडे वळल्या.

"सांगा ना जी. इतके दिवस हिले बोलत होते मनातल्या मनात. उठता बसता. त्याच्यावर दिवस निघत होता माह्या. आता कोणाले बोलू? त्या लोखंडाले? मेलेल्या पोराले बोलू?"

मामाजी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मी मामाजींना कधी त्यांच्या इतकं जवळ बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "मलाच बोला, आत्याबाई."

असं का म्हटलं ते सांगता येणार नाही. प्रेमिलाताई चहा घेऊन आल्या, तो कोणी प्यायला नाही.

२४ मार्च, गुरुवार

सकाळी मामाजी पाटावरच्या वस्तू एका डब्यात भरत होते. मी विचारलं, गाडी दुरुस्त करणार का. बेअरिंग मुंबईला मिळेल, बळीराम म्हणत होता.

"नाही. कोणी घेत असन भंगारात तर देऊन टाकतो."

"मग इतकं उघडलं कशासाठी?"

ते माझ्याकडे पाहायला लागले. मी काहीतरी फार मूर्खासारखं विचारलं असावं.

"तू रोज सांगत होती सगळ्यायले, माझा पदर अडकला, माझा पदर अडकला," ते म्हणाले. "मी नुसतं सांगतलं असतं का नाही अडकला, तर तू मानलं असतं?"

मी नाही म्हटलं.

"म्हणून तुह्या हातानं काढवलं."

ते डबा घेऊन आत गेले. मी पेरूखाली उभी राहिले. चिमटा, टॉर्च, सगळं आठवून पाहिलं. मी शिक्षा समजत होते.

२६ मार्च, शनिवार

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन प्लास्टर काढून आले. हात बारीक आणि पांढरा निघाला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. बोटं वळतात. डॉक्टर म्हणाले रोज कोमट पाण्यात हलवा.

घरी आले तर न्हाणीत बादलीत कोमट पाणी भरून ठेवलेलं होतं. मामाजींनी ठेवलं असेल म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, मी तर आताच आलो बाहेरून.

२७ मार्च, रविवार

बाबा आले. सोबत घरच्या तांदळाची थैली होती. त्यांना जेवायला वाढलं. बाबा फार बोलके, पण आज घास मोजल्यासारखे जेवत होते. मामाजींनी त्यांना अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. बाबा परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मुलीला न्यायला आले तेव्हा मान खाली होती, ती आता वर होती, एवढं माझ्या लक्षात आलं.

"चल बाई," ते म्हणाले. "कुहीची चारची मोटर आहे. तुही आई वाट पाहून राहिली."

माझी पेटी दाराशी होती. मी ती गुरुवारीच भरली होती. मी पेटीकडे पाहिलं. महापालिकेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. माझी रजा आज संपते. पुढल्या महिन्यात परीक्षा. अपूर्णांक राहिले आहेत.

"उद्या शाळा आहे, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी आत्याबाईंकडे. त्या भांडी आवरत होत्या, आवरत राहिल्या. राहा म्हणाल्या नाहीत. जा असंही नाही.

"बरं," बाबा म्हणाले. "मग उन्हाळ्याच्या सुट्टीत ये." मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले; मोटरीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून माझा बारीक हात दोन्ही हातांत धरला, गाडी सुटेपर्यंत.

परत आले तर पेटी दाराशी नव्हती. माझ्या खोलीत, पलंगाखाली होती.

२८ मार्च, सोमवार

सकाळी पांढरी साडी नेसले, पदर कमरेला खोचला. पर्स घेतली. मामाजी पेपर वाचत होते, म्हणाले, "सांभाळून." मी निघाले तर मागून चपलांचा आवाज आला. आत्याबाई होत्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही.

"कुठे, आत्याबाई?"

"स्टॉपवर."

त्या सहसा घराबाहेर पडत नाहीत. यशवंत गेल्यापासून तर मताचा एक दिवस सोडला तर फाटकाबाहेर आल्याच नव्हत्या. आम्ही चालायला लागलो. त्या माझ्या बाजूनं चालत होत्या, पुढेही नाही आणि मागेही नाही.

शोभाताई फाटकाशी अंगण झाडत होत्या. आम्हाला पाहून झाडू थांबला. मला वाटलं आत्याबाई नमस्कार करून पुढे जातील. त्या थांबल्या.

"शोभाताई," त्या म्हणाल्या, मोठ्यानं, समोरच्या घरातही ऐकू जाईल असं. "आमच्या गाडीचं मागचं चाक आतून जाम झालं होतं. लोखंड तुटलं होतं आत. आमच्या यांनी उघडून पाह्यलं. मिस्त्रीनंही पाह्यलं. हिचा पदर नंतर गेला, पडताना."

शोभाताई म्हणाल्या, "असं का वं?"

"हाव. सांगजा सगळ्यायले."

पुढच्या घरी पुष्पलताबाई दात घासत ओट्यावर उभ्या होत्या. आत्याबाई तिथेही थांबल्या आणि पहिल्यापासून तेच सगळं पुन्हा सांगितलं. मग त्याच्या पुढच्या घरी. मी बाजूला उभी राहायचे. एका घराची बाई आत होती, तर आत्याबाईंनी तिला हाक मारून बाहेर बोलावलं. मला उशीर होत होता. त्यांचा आवाज दुसऱ्या घरानंतर बसला होता, पण त्या सांगत राहिल्या. लोखंड म्हणताना दर वेळी थोडं थांबायच्या.

स्टॉपवर आलो तेव्हा बस दिसत होती. आत्याबाईंनी माझा पदर कमरेत नीट खोचलेला आहे का ते हात लावून पाहिलं, जरा ओढून घट्ट केला आणि म्हणाल्या, "संध्याकाळी लवकर ये. उशीर करू नको, मले वाट पाहाले लावू नको."

मी बसमध्ये चढले. खिडकीतून त्या दिसत होत्या, रस्त्याच्या कडेला, उन्हात डोळ्यांवर हात धरून. बस वळली.

कंडक्टर आला. "कुठं?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडलं, शब्द येईना. त्यानं पुन्हा विचारलं. मला शाळेचा स्टॉप माहीत आहे, दोन वर्षं रोज जाते, पण सांगता येईना. तो माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत उभा राहिला.

शेजारी भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी बाई बसली होती. तिनं माझ्या दंडाला हात लावला.

"काय झालं वं, माय?" ती म्हणाली. "काहून रडून राहिली?"

मी गालाला हात लावला. ओला होता. मानेपर्यंत ओला होता. केव्हापासून, ते मला माहीत नाही.